जी पथारीवर बसते, तिचं नाव कागदावर घाला

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शहर फेरीवाला समिती, पुणे

सप्रेम नमस्कार.

मी कौटुंबिक समुपदेशक आहे. नवरा-बायकोची भांडणं, मारहाण, दारू, आईला कुणी सांभाळायचं यावरून एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ, शाळा सोडून बसलेली मुलं, हे माझं रोजचं काम. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी रस्त्यावर बसून विकतात. कुणी भाजी, कुणी गजरे, कुणी गाऊन आणि परकर, कुणी वडापाव. त्यांच्या घरातलं भांडण समजून घ्यायला लागलं की दोन-चार प्रश्नांत मी घराबाहेर पडते आणि तुमच्या समितीच्या कामापाशी येऊन पोचते. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्या विषयपत्रिकेवर विक्री क्षेत्रं असतात, भाडं असतं, पुनर्वसन असतं, अतिक्रमण कारवाई असते. पथारीवाल्याचं घर नसतं. तो विषय पोलिसांचा, महिला व बालकल्याणचा, फार तर आमच्यासारख्यांचा, असं सगळेच धरून चालतात. माझा अनुभव वेगळा आहे. या घरांमधली कितीतरी भांडणं रस्त्यावर सुरू होतात. ती थांबवण्याचं एक मोठं साधन म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र, आणि ते कुणाच्या नावानं निघावं हे ठरवण्यात तुमचा वाटा आहे.

एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण अशी प्रकरणं एवढी आहेत की वाचणाऱ्या अनेकींना ते आपलंच वाटेल. भाजीची पथारी. जागा मूळची सासूची, तिनं पाटी डोक्यावर घेऊन फिरणं सोडलं आणि एका कोपऱ्यावर बसायला लागली तेव्हापासूनची. सासू थकल्यावर सून बसायला लागली. नवरा पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणतो, टेम्पोतून उतरवतो आणि त्याचा दिवस तिथं संपतो. पुढे पालेभाजीच्या जुड्या बांधणं, माल मांडणं, पाणी मारणं, गिऱ्हाईक सांभाळणं, उरलेला माल रात्री झाकून ठेवणं, सगळं तिचं. सर्वेक्षणाचे लोक आले त्या दिवशी नवरा पुढे झाला. आधार कार्ड त्याचं दिलं, फोटो त्याचा काढला. तिनंच ‘यांचं नाव लिहा’ म्हटलं, कारण घरातली कागदपत्रं अशीच होतात.

पुढे मारहाण वाढली तेव्हा ती दोन मुलांना घेऊन भावाकडे गेली. दुसऱ्या दिवशी पथारीवर जाऊ बसलेली. ही तिथं गेली तर नवऱ्यानं सगळ्यांसमोर प्रमाणपत्र दाखवलं. शेजारच्या बायकांना माहीत होतं की इतकी वर्षं कोण बसतंय, पण कागदापुढे त्या काय बोलणार? काही दिवस तिनं चौकाच्या पलीकडे पाटी लावून बघितली, तिथल्या लोकांनी उठवलं. मग ती नवऱ्याकडे परत गेली. आम्ही विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘‘मॅडम, मी घरासाठी नाही गेले, जागेसाठी गेले.’’

या बाईकडे शेत नाही, दागिना नाही, खोली भाड्याची. रस्त्यावरची ती चार-पाच फूट जागा हीच तिची सगळी मिळकत. तिथलं गिऱ्हाईक तिच्या बोलण्यानं बांधलेलं आहे, उधारीची वही तिच्या डोक्यात आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा आर्थिक छळालाही हिंसाच मानतो. त्याच्या कलम 18 खाली न्यायालय नवऱ्याला बायकोच्या कामाच्या ठिकाणी येण्यापासून रोखू शकतं. कलम 19 खाली तिला घरात राहू द्यावं असा आदेश मिळू शकतो. कारखान्यात किंवा ऑफिसात काम करणाऱ्या बाईसाठी ‘कामाचं ठिकाण’ दाखवणं सोपं असतं. पथारीवालीनं काय दाखवायचं? महापालिकेचाच कागद म्हणतो की ही जागा नवऱ्याची आहे, ती फक्त त्याच्या वतीनं बसते.

2014 च्या पथविक्रेता कायद्यानं एक चांगली सोय केली आहे. प्रमाणपत्र असलेला विक्रेता वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला तर त्याच्या जागी घरातल्या माणसाला बसता येतं आणि त्यात पहिला हक्क जोडीदाराचा, मग अवलंबून असलेल्या मुलांचा. विधवेला त्यानं आधार मिळतो. पण नवरा धडधाकट आहे आणि त्याच्या माराला कंटाळून बायको वेगळी राहते, या परिस्थितीबद्दल कायदा काही सांगत नाही. म्हणजे नवरा वारला तर जागा तिची, आणि ती घर सोडून गेली तर तिचं काहीच नाही. हा अन्याय दूर करायला संसदेची वाट बघावी लागेल असं मला वाटत नाही. प्रमाणपत्र देताना बायकांना प्राधान्य द्यावं असं याच कायद्यात लिहिलेलं आहे. सर्वेक्षण समितीच्या देखरेखीखाली होतं. ‘कर्ता पुरुष कोण’ असं न विचारता ‘इथं रोज कोण बसतं’ एवढं विचारायला सांगा, आणि ते वेगवेगळ्या वेळी, निदान दोनदा जाऊन बघायला सांगा. दोघं बसत असतील तर दोघांची नावं, दोघांचे फोटो नोंदीत असू द्या. आणि नूतनीकरणाच्या वेळी किंवा जागा बदलताना तिला बोलावून, तिच्याशी बोलूनच पुढे जा.

आता कारवाईच्या गाडीबद्दल. गाडी आली की गल्लीत हाक फिरते, ताडपत्रीची चारी टोकं एकत्र धरून माल उचलायचा आणि बोळात पळायचं. ज्याला जमत नाही त्याचा माल गाडीत. त्या रात्री त्या घरात काय होतं ते मी सांगते, कारण ते ऐकायला माझ्याइतकं जवळ कुणी बसत नाही. भांडणाचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: ‘‘गाडी आली तेव्हा तू कुठं होतीस?’’ ती लघवीला गेलेली असते, कारण स्वच्छतागृह लांब आहे. किंवा मुलाला शाळेतून आणायला गेलेली असते. किंवा समोर बसलेली असूनही तिला पाच क्रेट एकटीनं उचलता आले नसतात. नुकसान महापालिकेच्या गाडीत गेलं, पण त्याचा हिशोब तिच्याकडे मागितला जातो. आणि नवराही मोडलेला असतो. एका माणसानं मला सांगितलं होतं की माल गेल्याचं त्याला तितकं लागलं नाही. पोराच्या वयाचा मुलगा त्याला पोरासमोर ‘ए, चल उचल’ म्हणाला, ते लागलं.

हे सांगताना एक गोष्ट स्पष्ट बोलते. रस्त्यावर झालेला अपमान हे घरात हात उचलण्याचं कारण होऊ शकत नाही. तोच अपमान बायकोचाही होतो, ती कुणाला मारत नाही. मारणाऱ्याला जबाबदार धरायचं काम आम्ही करतोच. पण ज्या घरात आधीच वाद आहेत तिथं एक कारवाई किती खोल जाते, हे कारवाईचा आदेश देणाऱ्यांना माहीत असायला हवं.

आणि इथं तुम्हाला नवीन काही करायचं नाही, आहे ते पाळायचं आहे. पथविक्रेता कायद्याचं कलम 19 सांगतं की जप्त मालाची यादी करायची आणि सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत करायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. आमच्याकडे बायका ज्या पावत्या घेऊन येतात त्यांच्यावर बहुतेक वेळा दंडाचा आकडा आणि ‘साहित्य’ एवढा एकच शब्द असतो. त्यात टोमॅटोचे तीन क्रेट होते की एक, वजनकाटा होता की नाही, काही कळत नाही. मग नवरा म्हणतो तू खोटं सांगतेस, सासरे म्हणतात पैसे माहेरी दिलेस. एक नीट यादी असती तर तो संशय उभाच राहिला नसता. कोथिंबीर, मेथी, गजरे दुसऱ्या दिवशी परत मिळून उपयोग नसतो, हे सांगायला मी नको.

या सगळ्याच्या खाली कर्ज आहे. सकाळी माल घ्यायला रोख लागते, आणि कालच्या विक्रीतून ती उरलेली नसते. रोजच्या वसुलीवर पैसे देणारे गल्लोगल्ली आहेत. दहा हजारांचं कर्ज म्हणायचं, हातात नऊ हजार ठेवायचे आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये न्यायचे, हा त्यातला नेहमीचा प्रकार. ऐकायला हजारच रुपये जास्त, पण रोज फेड चालू असल्यामुळे वर्षाच्या व्याजाचा दर काढला तर तो 75 टक्क्यांच्या पुढे जातो. राज्यात सावकारी नियमनाचा 2014 चा कायदा आहे, तो या गल्ल्यांमध्ये मला अजून दिसलेला नाही. पाऊस लागला, बंद झाला, गाडी आली, कुणी आजारी पडलं की एक हप्ता चुकतो, मग दुसऱ्याकडून घेऊन पहिल्याचं भागवलं जातं. घरात कुणाचं किती देणं आहे हे नवरा बायकोला सांगत नाही आणि बायको नवऱ्याला. वसुलीवाला दारात आल्यावर कळतं. मला विचाराल तर या घरांमध्ये दारूइतकंच नुकसान लपवलेल्या कर्जानं होतं.

1 जून 2020 ला सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेनं पहिल्यांदाच या लोकांना बँकेचं दार उघडलं, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. 2025 मध्ये रकमा वाढल्या, त्याआधी दहा हजार, मग वीस, मग पन्नास मिळायचे, वेळेवर फेडलं तर 7 टक्के व्याज अनुदान. अनेकींनी त्यावर धंदा पुन्हा उभा केला. पण आमच्यापुढे अशाही बायका बसतात ज्यांच्या नावानं कर्ज निघालं, पैसे नवऱ्यानं किंवा दिरानं वापरले आणि बँकेची माणसं आता तिच्या पथारीवर येतात. कर्जाचा अर्ज भरून घेताना तिला पाच मिनिटं बाजूला घेऊन, पैसे कशासाठी आणि कोण वापरणार हे विचारणारं कुणी असतं का?

विचारता येतं. त्याची वाट सरकारनंच पाडून ठेवली आहे. जानेवारी 2021 मध्ये ‘स्वनिधी से समृद्धी’ सुरू झालं. कर्ज घेणाऱ्याच्या अख्ख्या कुटुंबाची माहिती घ्यायची आणि जनधन खातं, विमा, रेशन, बाळंतपणाची मदत अशा आठ योजनांशी त्याला जोडायचं. म्हणजे पथारीवाल्याच्या घरात जाऊन बसणं हे शासनाचं काम आहे, हे तत्त्व मान्य झालेलं आहे. त्याच माहितीत आणखी चार गोष्टी घ्या: मुलं दिवसभर कुठं असतात, शाळा कुणाची सुटली, घरात बाहेरचं कर्ज किती, आणि घरी तिला सुरक्षित वाटतं का. शेवटचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा नसतो. तो विचारायला शिकलेली माणसं मिळतात. पोलिसांच्या यंत्रणेत महिला व मुलांसाठीचे विशेष सहाय्य कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं 1984 पासून आपल्याच राज्यात उभे राहिले आहेत. त्यांच्यातली एखादी कार्यकर्ती आठवड्यातून एक दुपार मंडईत येऊन बसली तरी खूप झालं. पथारीवाली तुमच्या कचेरीत येणार नाही. आली तर तिचा दिवस बुडतो.

मुलांविषयी लिहिताना मला हात आवरावा लागतो. पालक पहाटे साडेतीन-चारला मार्केट यार्डात जातात आणि रात्री दहाला परततात. मधला दिवस मुलांना कोण सांभाळतं? थोरली मुलगी. अकरा-बारा वर्षांची मुलगी धाकट्याला उठवते, डबा भरते, शाळेत सोडते आणि स्वतःच्या शाळेत उशिरा पोचते. हळूहळू जाणं कमी होतं. सातवी-आठवीपर्यंत ती घरची बाई झालेली असते, आणि मग तिचं लग्न लवकर उरकावं असं आईलाच वाटायला लागतं, कारण घरात एकटी ठेवायची भीती वाटते. मुलगा असेल तर संध्याकाळी गाड्यावर. कप विसळतो, पार्सल बांधतो, आणि गिऱ्हाइकांच्या मोटारींतली मुलं बघतो. ही मुलं वाईट वळणाला लागली असं म्हणत आई-बाप आमच्याकडे येतात तेव्हा मी विचारते, शेवटचं एकत्र जेवण कधी झालं? बहुतेकांना आठवत नाही. तान्ही बाळं तर पथारीखालच्या गोणपाटावर झोपतात, धुरात आणि हॉर्नच्या आवाजात.

मोठ्या मंडईजवळ, विक्री क्षेत्राजवळ पाळणाघर हवं, आणि त्याची वेळ पहाटेपासून रात्रीपर्यंत हवी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालणारं पाळणाघर पथारीवालीच्या काही कामाचं नाही, कारण तिचा धंदा सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतरच असतो. विक्री क्षेत्र आखताना तुम्ही ओट्यांची लांबी-रुंदी मोजता. त्याच आराखड्यात पाळणाघराची एक खोली आणि बायकांचं स्वच्छतागृह मोजा. दिवसभर पाणी न पिणाऱ्या, लघवी दाबून धरणाऱ्या आणि मग जळजळ होते म्हणून औषधाच्या दुकानातून गोळी घेणाऱ्या बायका या शहरात किती आहेत, हे तुमच्या समितीतल्या भगिनींना विचारा.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. गुलटेकडीला पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालासाठी या राज्यानं 1969 मध्ये माथाडी कायदा केला. त्याचं मंडळ आहे, त्यातून भविष्यनिर्वाह निधी मिळतो, औषधपाण्याची सोय होते. डॉ. बाबा आढावांनी आणि हमाल पंचायतीनं पुण्यात त्यासाठी काय कष्ट घेतले हे मी सांगायची गरज नाही, तुमच्यातल्या काहींनी ती चळवळ जवळून पाहिली असेल. 2008 मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. आणि तेच पोतं विकत घेऊन दिवसभर रस्त्यावर बसणाऱ्या बाईच्या घरात कुणी आजारी पडलं तर तिला पुन्हा रोजच्या वसुलीवाल्याकडेच जावं लागतं. पथविक्रेता कायद्याच्या कलम 31 मध्ये कर्ज, विमा आणि सामाजिक सुरक्षेच्या योजना करण्याची मुभा सरकारला आहे. महापालिका पथारीवाल्यांकडून भाडं घेते. त्यातला ठरावीक हिस्सा त्यांच्याच कुटुंबांसाठीच्या निधीत जावा, असा ठराव समितीनं करून राज्य सरकारकडे पाठवावा, ही माझी विनंती आहे.

पायी चालणाऱ्यांची तक्रार मला ठाऊक आहे. माझी आई पंचाहत्तरीच्या पुढची आहे आणि पदपथ नसल्यामुळे तिला वाहनांमधून चालावं लागतं. तिचा हक्क खरा आहे. पण लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं आणि त्यांना ठरलेल्या जागा द्यायच्या, हे कायद्यानं दोघांच्याही सोयीसाठीच ठरवलं आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवू नये, हेही त्यातच आहे. मुंबईचं उदाहरण समोर आहे. 2014 मध्ये तिथं सुमारे 99 हजार फेरीवाल्यांचे अर्ज आले, त्यातले जेमतेम 32 हजार पात्र ठरले आणि समितीची निवडणूक व्हायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. उरलेल्यांच्या घरात ही दहा वर्षं कशी गेली असतील? ज्या घराला उद्या जागा असेल की नाही हेच माहीत नाही, तिथं मुलीच्या शिक्षणाचं, घराच्या भाड्याचं, आईच्या ऑपरेशनचं कुणी काय ठरवणार?

आम्ही समुपदेशक या घरांमध्ये एका मर्यादेपर्यंतच काम करू शकतो. नवरा-बायकोला समोरासमोर बसवतो, बोलायला लावतो, दारू सोडवायला पाठवतो, झोप उडालेल्याला, जीव नकोसा झालेल्याला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून देतो. पुढच्या आठवड्यात गाडी येते आणि सगळं पहिल्यापासून.

समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका असायला लागतात. कलम 24 प्रमाणे समिती बाहेरच्या जाणकारांनाही बोलावू शकते. तुम्ही बोलावलंत तर मी येईन आणि माझ्याबरोबर ज्यांना यायचं असेल त्या बायकाही येतील. त्यांनी बोलायला तयारी दाखवली आहे, फक्त नावं बाहेर जाऊ नयेत एवढीच त्यांची अट आहे. पुढच्या बैठकीत निदान एक विषय घ्या: प्रमाणपत्रावर प्रत्यक्ष बसणाऱ्या बाईचं नाव. आणि बैठक दुपारी दोन ते चारच्या मध्ये ठेवा. त्या वेळी गिऱ्हाईक कमी असतं, शेजारणीला पथारीवर लक्ष ठेवायला सांगून त्यांना येता येतं.

आपली,
एक कौटुंबिक समुपदेशक, पुणे